वीसपैकी तीन

स्फॅक्स, सोमवार

प्रिय सलवा,

तुझ्या शाळेतल्या इस्राला मी विज्ञान स्पर्धेत वीसपैकी तीन गुण दिले. ओहोटीच्या चिखलातून तिसऱ्या-शिंपल्यांचं पोतं पाठीवर न घेता ओढून आणायची तिची फळी उत्तम होती, जुन्या होडीच्या तळापासून केलेली. गुण कापले ते 'निवडलेली समस्या किती महत्त्वाची' या वीस गुणांच्या रकान्यात. शेरा मी लिहिला, "मोजक्या बायकांची अडचण." शेजारच्या परीक्षकांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही त्याच किनाऱ्यावरच्या ना?" मी म्हटलं, "म्हणूनच सांगते." मग कोण बोलणार? पोरगी पहिल्याच फेरीत बाद झाली.

आपण दोघी एकाच वर्षी शिक्षिका झालो. मी शहरात आले, अधिकारी झाले. तू गावातल्या शाळेतच राहिलीस, आणि ईदला घरी गेलं की मला तुझंच नाव ऐकावं लागतं. सलवानं मिरच्या कांडून दिल्या, सलवा म्हणते चष्मा बदला. एकदा मी आईला चिडून म्हटलं, "मग तिलाच मुलगी म्हण." आई मिरच्यांची देठं काढत म्हणाली, "म्हणतेच की." तू तिथंच बसली होतीस, हसलीस. मी त्या दिवशी जेवले नाही, ते तुम्हा दोघींच्या लक्षातही आलं नाही.

इस्राच्या प्रकल्पाच्या वहीत तिसऱ्या वेचणाऱ्या बावीस बायकांची उत्तरं होती. कामात सगळ्यात अवघड काय, एवढाच प्रश्न. एकोणिसावं नाव माझ्या आईचं. "वाकले की उठवत नाही. दोन वर्षं झाली, भिंतीला टेकून बसूनच झोपते. दलेंदाला सांगू नका, ती उगाच धावत येईल." म्हणजे तुला ठाऊक होतं. आठवीतल्या पोरीला ठाऊक होतं. मी वही मिटली आणि तीन लिहिले.

आज समितीला लेखी कळवलंय की तो शेरा खोटा आहे आणि तो मी मत्सरानं दिला. परीक्षकांतून माझं नाव मी काढून घेतलंय. गुरुवारी दहा वाजता इस्राच्या प्रकल्पाची नव्यानं तपासणी आहे, दुसरे परीक्षक करतील. तिला आणि फळीला घेऊन ये, म्हणून हे पत्र. मी तिथं नसेन, गावी आईजवळ असेन. कामाच्या दिवशी कशी आलीस, असं ती विचारेल. काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

रागावलीस तरी तुझीच,
दलेंदा