अर्धा गुडघा आणि न प्यालेली कॉफी

सल्त, मंगळवार

आदरणीय नायफदादांस, धाकटा चुलतभाऊ सुवेलिम याचा सलाम.

देवकृपेनं करकला तुमच्याकडे सगळे खुशाल असतील, आणि वहिनींचा खोकलाही एव्हाना थांबला असेल. माझं विचाराल तर डावा गुडघा सोडून मी ठणठणीत आहे. (गुडघ्याचाही आतलाच भाग झिजलाय, बाहेरचा शाबूत. म्हणजे तक्रार अर्ध्याचीच.)

अम्मानच्या डॉक्टर औनींनी संगणकावर माझ्या हाडाचं चित्र फिरवून फिरवून दाखवलं आणि म्हणाले, खराब तेवढाच भाग बदलू, मदतीला यंत्राचा हात असेल. हाड घासायचं अवजार डॉक्टरच धरणार, पण ते आखलेल्या रेघेपलीकडे जायला लागलं की हा हात अडवतो. (आपल्या घराण्यात असा एक जरी असता तर निम्मी भांडणं टळली असती.) मी विचारलं, हा कुणाचा? म्हणाले, कंपनीचा. आता ज्याच्या आजोबांचं नाव कुणाला ठाऊक नाही, त्याच्या हाती पाय कसा द्यायचा?

म्हणून दुसऱ्या खेपेला मी थर्मास घेऊन गेलो. विनंती मान्य होईपर्यंत मागणाऱ्यानं पेल्याला तोंड लावायचं नाही, ही रीत तुमच्याइतकी कोण जाणतं! दवाखान्यात कॉफी विचारत नाहीत, तेव्हा माझी मीच ओतली, टेबलावर ठेवली आणि म्हणालो, यंत्र नको, तुम्ही हातानं करा. पण डॉक्टरही सल्तचाच निघाला. त्यानं माझ्याच थर्मासमधून एक पेला भरला, न पिता समोर ठेवला आणि म्हणाला, "अबू गालिब, माझीही विनंती आहे, यंत्र असू द्या." दोन्ही पेले निवले. शेवटी नर्सनं येऊन विसळून टाकले.

मग मी बाहेर आलो आणि भरल्या बाकांसमोर मिशीवर हात ठेवून शपथ घेतली की हा पाय त्या यंत्राखाली जाणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. (उभं मात्र कुणी राहिलं नाही. सगळे गुडघ्याचेच रुग्ण.)

त्याला एकवीस दिवस झाले. आमच्या घराच्या बासष्ट पायऱ्या मी एकदाच उतरलो, तोही उलटा, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाठीनं सलाम करत. आमच्या गालिबची आई वरून ओरडली, "आता मिशीला धरून उतरा!" तेव्हापासून गच्चीत बसून असतो. खाली चौकात खड्यांचा डाव रंगतो आणि माझ्या जागेवर तो लबाड न्हावी बसतो. गुडघ्यापेक्षा ते जास्त दुखतं.

असो. माझा निर्णय पक्का आहे.

तुमचा,
सुवेलिम

ता. क. निर्णय पक्का असला तरी थोरांचा शब्द मोडण्याइतका मी उद्धट नाही. तुम्ही चार वडीलधारी माणसं घेऊन आलात, आमची कॉफी न पिता खाली ठेवलीत आणि "शस्त्रक्रिया करून घे" म्हणालात, तर माझ्या शपथेचा नाइलाज आहे. मी दोनदा नाही म्हणेन, तेव्हा कुणी पेला उचलू नये. गुरुवारीच या. रविवारची तारीख (कशी कोण जाणे) ठरून गेली आहे.

आणखी एक. गालिबच्या आईनं हे वाचलं आणि म्हणाली, खरं काय ते लिहा. लिहितो. दादा, मला भीती वाटते. तुम्ही जवळ असलात तर कमी वाटेल.

शेवटचं. बासष्ट पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना झेपणार नसतील तर संकोच करू नका, बैठक खाली चौकात ठेवू. मी आत्ताच उतरायला लागतो, म्हणजे गुरुवारपर्यंत पोहोचेन.