आमच्या घरच्या शाळेतला ‘तो’

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून शाळा सुरू. घरची शाळा. विद्यार्थिनी एक, आमची आभा, वय चार. शिक्षक एक, मी, गुरुदत्त. हातांनी शिकायचं, खेळत शिकायचं. पाटी नाही, घोकंपट्टी नाही, आवाज चढवणं तर नाहीच नाही.

वैदेहीने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. पोरगी खुलली तर घरीच शिकव, नाहीतर कालीपूजा झाली की कोपऱ्यावरच्या प्लेस्कूलमध्ये घालू, असं तिचं म्हणणं. बँकेतली बाई, मुदतीशिवाय बोलत नाही. तिची बदली बेहालाच्या शाखेत झाली म्हणून आम्ही पुण्याहून इथे बंगालात आलो. मी न्यू टाउनमध्ये नोकरी धरली आणि गेल्या महिन्यात स्वतःहून सोडली. (कंपनीने आधी सुचवलं होतं, पण निर्णय माझा.)

प्लेस्कूलमध्ये आभा जाणार नाही. शाळा काय असते ते मला विचारा. आमचे अण्णा इस्लामपूरला हेडमास्तर होते आणि मी त्यांच्याच शाळेत होतो, म्हणजे मला घरीही सुट्टी नव्हती. मी अण्णांसारखा होणार नाही. झालंच तर उलटा होईन.

दुपारी १.३०

पहिली अ‍ॅक्टिव्हिटी राजमा. एका वाटीतला राजमा चमच्याने दुसऱ्या वाटीत घालायचा. बोटांना वळण लागतं, एकाग्रता वाढते. मी बघितलेल्या व्हिडिओतली मुलगी अर्धा तास मान वर करत नाही. आभाने दोन चमचे घातले आणि उरलेला राजमा गादीखाली नेऊन झोपवला, कारण त्याला झोप आली होती म्हणे. मी समजावलं. जरा ठामपणे समजावलं.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मीनाक्षीदी कोजागरीच्या लक्ष्मीपूजेचे नारळाचे लाडू घेऊन वर आल्या. दारातूनच विचारलं, सगळं ठीक आहे ना. या बाईंना चौकशा फार.

एकूण सुरुवात झकास.

७ ऑक्टोबर, मंगळवार

मूग आणि मसूर एकत्र करून दिले. वेगळे करायचे. आभाने त्यात रवाही ओतला, सगळ्यांचं लग्न आहे म्हणाली. मी तिला वर्गीकरणाचं महत्त्व सांगितलं.

नंतर ती सापडेना. डायनिंग टेबलाखाली भिंतीला चिकटून बसली होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, तो आला होता. कोण तो? तर नुसतंच, तो. आता गेला.

कल्पनाशक्तीचा विकास! एवढ्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. वैदेहीला ऑफिसात मेसेज केला. तिने अंगठा पाठवला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ताटात रवा पसरून बोटाने ‘अ’ काढणे. आभाने मासा काढला. मी म्हणालो, छान मासा, आता अ. तिने दुसरा मासा काढला, पहिल्याची आई. पुढचं लिहिण्यासारखं नाही. रवा सोफ्यापर्यंत गेला होता.

आज पुन्हा टेबलाखाली. पुन्हा तो. मी गोडीगुलाबीने माहिती काढली. तो उंच असतो. कपाळावर आठ्या असतात. त्याच्या हातात लाकडी पट्टी असते आणि तो ती आपटतो.

घरात लाकडी पट्टी एकच आणि ती तर त्या वेळी माझ्या हातात होती. (मी फक्त टेबलावर वाजवतो, तेही लक्ष वेधायला.) मग त्याच्याकडे पट्टी आली कुठून?

दुपारभर पंखा बंद करून कानोसा घेतला. बेसिनचा नळ टपकत होता. बाकी काही नाही. तरी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मीनाक्षीदींना आडून आडून विचारलं की या फ्लॅटमध्ये पूर्वी काही घडलं होतं का. त्या म्हणाल्या, काही नाही, आधीचे भाडेकरू मुलीकडे डमडमला राहायला गेले, चांगले धडधाकट आहेत. मग मागच्या बेलाच्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाल्या, लहानपणी आम्हाला सांगायचे, असल्या झाडावर ब्रह्मदैत्य राहतो. म्हणजे ब्राह्मणाचं भूत. विद्वान असतो, मनाने वाईट नसतो, पण फार शिस्तीचा आणि एकदा का चिडला की अख्खं झाड हलवतो.

तो दिसतो का हो कोणाला, विचारलं. त्या म्हणाल्या, दिसत नाही. पण आवाज मला रोज येतो, सकाळी अकराच्या सुमारास, वरून, तुमच्याच घरातून. एवढं बोलून माझ्याकडे बघतच राहिल्या. घाबरल्या असाव्यात बिचाऱ्या.

अकराची वेळ म्हणजे नेमकी आमची अ‍ॅक्टिव्हिटीची वेळ. शिक्षणाचीच ओढ दिसते त्याला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

काय तरंगतं, काय बुडतं. टबमध्ये पाणी. संत्रं, किल्ली, बाटलीचं बूच, चमचा. आधी अंदाज, मग प्रयोग. आभाने अंदाज न करता सगळं एकदम टाकलं, वर माझा चष्माही टाकला. चष्मा बुडतो. एवढं शास्त्र झालं.

त्यानंतर ती दिवसभर बोललीच नाही. मी हाक मारली की उठून उभी राहते. शिस्त येते आहे असं मला आधी वाटलं. पण संध्याकाळी वैदेही आली तशी दारातच तिच्या कमरेला मिठी मारून घडाघडा बांगलात बोलत सुटली. मीनाक्षीदींकडे शिकते ते सगळं. मला कळलं ते एवढंच की तो आज दोनदा आला.

माझ्याशी का बोलत नाही? मी तर दिवसभर घरात असतो. माझ्यापाशी येऊन लपायला काय हरकत आहे? वाईट वाटलं, खरं सांगायचं तर फार वाईट वाटलं.

संकल्प: तो कोण आहे ते शोधून काढायचं आणि पोरीला त्याच्यापासून सोडवायचं. बापाने एवढंही नाही करायचं तर काय करायचं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १२.२०

फोन रेकॉर्डिंगला लावून पुस्तकांमागे ठेवला आणि नेहमीसारखा तास घेतला. माती. दुर्गापूजेच्या मांडवामागे उरलेली मागून आणली होती. मातीचे गोळे करून लहान-मोठे लावायचे होते. जसं व्हायचं तसं झालं.

आत्ता ऐकलं.

सुरुवातीला माझा आवाज आहे, प्रेमळ. मग आभाचं हसणं. मग घसा खाकरल्याचा आवाज. आणि मग ते शब्द, “एवढं साधं येत नाही?”

अण्णा.

अण्णाच. त्यांचा घसा, त्यांची ती ‘साधं’वरची ओढ. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. मी चाळिशीचा माणूस, खुर्चीत ताठ बसलो, गणिताची वही आणलेली नाही असं वाटायला लागलं. पुढे ऐकवेना. फोन उशीखाली ठेवला.

म्हणजे ब्रह्मदैत्य वगैरे काही नाही. अण्णा इथे आलेत. इस्लामपूरहून बेहाला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कारण सापडलं. यंदा सर्वपित्रीला मी काहीच केलं नव्हतं. त्या दिवशी अंकांची कार्डं लॅमिनेट करत बसलो होतो. अण्णा हे विसरणाऱ्यातले नव्हते.

काल गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, भात. कावळा आला, वडा उचलला आणि पाण्याच्या टाकीवर बसून माझ्याकडे बघत खाल्ला. मी हात जोडून म्हणालो, अण्णा, पोरीला सोडा, ती लहान आहे. माझ्यावर काय राग काढायचा तो काढा. डोळ्यांत पाणी आलं. वाळत घातलेले कपडे काढायला आलेल्या मीनाक्षीदी परत खाली गेल्या.

आज तास घेतला. तो आलाच. आभा टेबलाखाली गेली ती जेवायलाही बाहेर येईना. खिचडी मी वाकून आत सरकवली.

संध्याकाळी वैदेहीला बसवून रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हणालो, ओळखलास आवाज? तिने फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, “अण्णांचा आवाज मला नीट आठवत नाही. पण हा आवाज मी रोज ऐकते, गुरू.”

वैदेहीलाही ऐकू येतो! आणि एवढे दिवस बोलली नाही! मला घाबरवायचं नव्हतं बहुतेक तिला. आता मीनाक्षीदी, वैदेही, आभा, सगळ्यांची साक्ष एकच. मी वेडा नाही.

मी तसं म्हणालो तर ती उठून आभाच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

अण्णांचा फोटो भिंतीवरून काढून, शालीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. पाया पडलो आधी. आज तो अजिबात आला नाही. आभा दिवसभर गाणं म्हणत होती. उपाय लागू पडला!

(आज धनत्रयोदशी म्हणून शाळेला सुट्टी होती आणि वैदेही घरी होती. पण त्याचा काही संबंध नाही.)

१९ ऑक्टोबर, रविवार. रात्री ८

आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटेची आंघोळ. इथे आदल्या संध्याकाळी भूतचतुर्दशी. घरातल्या काळोख्या कोपऱ्यांत चौदा पणत्या ठेवायच्या, म्हणजे भुतं आत शिरत नाहीत. मीनाक्षीदींनी दुपारीच आभाला हे सगळं सांगितलं, पणत्या दिल्या आणि चौदा पालेभाज्यांची एकत्र भाजीही धाडली.

मला तर आयतं मिळालं. चौदापर्यंत मोजणी, वर परंपरा, वर भुताचा बंदोबस्त. मुदतीची शेवटची अ‍ॅक्टिव्हिटी. वैदेहीने वाती घातल्या, मी तेल. आभाला सांगितलं, पणत्या तू ठेव, जिथे तुला वाटेल तिथे, मी फक्त पेटवून देईन. ती तेरा विसरून एकदम चौदावर गेली. मी ओठ दाताखाली धरून ठेवले.

मला वाटलं होतं, एक खिडकीत जाईल, बेलाच्या झाडाकडच्या. एक बाथरूमपाशी, एक माळ्याखाली. तिने फ्रॉकच्या ओच्यातून सगळ्या नेल्या आणि बैठकीच्या खोलीत एका जागी मांडायला लागली. गोल. माझ्या खुर्चीभोवती. तास घ्यायला मी बसतो त्या.

मी म्हणालो, अगं सगळ्या इथेच? खिडकीत नको का, तो तिथून येतो ना?

आभा माझ्याशी मराठीत बोलली. बऱ्याच दिवसांनी.

“तो खिडकीतून नाही येत. तो तुझ्यातून येतो.”

वैदेही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने नुसती काडेपेटी हातात घेतली. तिला हे नवीन नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आभाने मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. पणत्या पेटवायच्या राहिल्या होत्या, त्या वैदेहीने पेटवल्या. बाहेर कोणीतरी आतापासूनच फटाके लावत होतं. मी तेल संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो. पायाला रग लागली. घसा खाकरावासा वाटला, पण खाकरला नाही.

आज गणित झालं नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहाटे वैदेहीला म्हणालो, कालीपूजा झाली की प्लेस्कूलचं बघ. ती बरं म्हणाली. मुदतीबद्दल बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

मग आभाला तेल लावायला घेतलं. पाटावर बसवलं. पाठ, खांदे, मग एकेक बोट. एक शब्द बोललो नाही. तोंड उघडलं आणि कोणाचा आवाज निघाला म्हणजे? ती अंग चोरून बसली होती. थोड्या वेळाने तिने मान वळवली, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि हळूच विचारलं, “आत्ता कोण आहे?”

मी म्हणालो, बाबा.

ती कान देऊन थांबली. मग म्हणाली, “अजून बोल.”

मी बोलत राहिलो. तेलाचं, उटण्याचं, राजम्याच्या झोपेचं, माशाच्या आईचं, सुचेल ते. पाणी निवत चाललं होतं. तिची अजून खात्री होत नव्हती.