जर्मन मशीनमधले आलूचे चिप्स

अमरावती,
रविवार, दुपार

आदरणीय संघपालदादांना पौर्णिमाचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना अजून वाजतो का? शालूवहिनींचा खांदा बराच मोकळा झालेला दिसला (तो कशाने झाला त्याकडे मी पुढे येणारच आहे). लेकीचं, खुशीचं लग्न पार पडेपर्यंत दोघांनीही उन्हात फिरू नका, आणि डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय मोर्णा नदीचा पूल ओलांडू नका. आमच्याकडे सर्व ठीक. धर्मपाल सकाळी कूलरमध्ये पाणी भरतात आणि मग दिवसभर कूलरसमोरून उठत नाहीत. एवढी विचारपूस पुरे, कारण मला फार राग आलेला आहे आणि तो थंड होण्याच्या आत लिहून काढायचा आहे.

फेब्रुवारीत वहिनींचा खांदा आखडला, ओल्या चादरी पिळता येईनात, म्हणून मी आपण होऊन माझी जर्मन मशीन तुम्हाला वापरायला दिली. तुम्ही मागितली नव्हती. उलट तुम्ही म्हणालात, हे पिंप घरात ठेवाचं कुठी? तरी मी ती गोधडीत गुंडाळून, गाडीत स्वतः शेजारी बसून अकोल्याला आणली. (बडनेऱ्याच्या खड्ड्यांत मी तिला मांडीवर घेतल्यासारखी धरली होती. ड्रायव्हरने विचारलं, पेशंट आहे काय?)

आमच्याकडे अशा तीन जुन्या विलायती मशीन आहेत आणि नातेवाइकांत त्यावर हसतात, हे मला ठाऊक आहे. मागच्या व्हरांड्यात इंग्लंडची, दोन हौदांची (एका हौदात धुवायचं, ओले कपडे हाताने उचलून दुसऱ्यात पिळायला टाकायचे). तिच्याशेजारी इटलीची, तशीच पण ठेंगणी. आणि ही जर्मनीची, जी नुसती पिळते. पिंपासारखी उभी, आत तांब्याचा डबा, खाली पाणी पडायला चोच. वयाने तिघीही माझ्या बरोबरीच्या. कोणाला सांधेदुखी, कोणाला गळती, पण तिघी काम करतात. आजकालच्या मशीन दार लावून घेतात आणि तासभर आत काय करतात ते कोणाला सांगत नाहीत. माझ्या मशीनना आपण लागतो. हे धर्मपालांना पटत नाही. त्यांचं एकच म्हणणं, घरात माणसं दोन अन् मशीन तीन, आता धुवाले कपडे काय शेजाऱ्याचे मागून आणाचे?

दादा, तुम्हाला तरी हे समजायला हवं होतं. माझी आई, म्हणजे तुमची मावशी, मिशनच्या दवाखान्यात कपडे धुवायला होती, हे तुम्ही पाहिलेलं आहे. रोज दवाखान्याच्या चादरी हाताने पिळायची. हिवाळ्यात बोटांना भेगा पडत आणि माझी वेणी घालताना त्या भेगांत केस अडकत. मग तिथल्या जर्मन सिस्टर हेडविगनी त्यांच्या देशातून अशी मशीन मागवली. पहिल्या दिवशी आईने पिळलेली चादर बाहेर काढली, गालाला लावली, आणि पुन्हा भिजवून परत पिळली, नुसतं पाहायला. मशीन चालू झाली की थरथरत जागेवरून सरकायची, म्हणून आई तिला दोन्ही हातांनी कवटाळून उभी राहायची. कॉन्व्हेंट सुटलं की मी दप्तर टाकून दुसऱ्या बाजूने कवटाळायची. आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नव्हती, पण मशीनच्या मध्यस्थीने ते होऊन जायचं. नागपूरच्या एका भंगाराच्या दुकानात मला तिचीच ही बहीण सापडली, तेव्हा मी दुकानदारासमोर रडले. हिचं एक रबर झिजलं, तर दुसरं जगात कुठे मिळत नाही. ती एकदा बसली की बसलीच.

अशी मशीन. आणि काल मी न सांगता अकोल्याला आले, तर जुन्या शहरात तुमच्या गल्लीच्या तोंडाशीच तिचा आवाज ऐकू आला. माझं मन भरून आलं. म्हटलं, वहिनी बिचाऱ्या भर उन्हात चादरी पिळताहेत. आत पाऊल टाकते तर अंगणात गल्लीतल्या बायांची रांग, प्रत्येकीजवळ घमेलं, आणि घमेल्यात अर्धवट उकडलेले आलूचे काप. मधोमध माझी जर्मन मशीन चोचीतून पांढरं चिकट पाणी ओकत उभी होती. वर पाहिलं तर तुमच्या गच्चीवर लुगडी अंथरून त्यांवर चिप्स, तिथून शेजारच्या गच्चीवर, तिथून पलीकडच्या. आणि तुम्ही बाजेवर बसून एकेकीचं नाव पुकारत होता. कोर्टातली नोकरी संपली, पण पुकारा करायची हौस गेली नाही. मी पुढे झाले तर रांगेतली एक बाई मला म्हणाली, मांगं लागा बाई, आमी सकाळपासून उभ्या हाओ. माझ्याच मशीनसाठी.

मी वहिनींना विचारलं, हे काय? तर त्यांनी त्याच आखडलेल्या खांद्यावरचं भरलेलं घमेलं उतरवून, हात पुसत शांतपणे उत्तर दिलं.

"ताई, अकोल्याच्या उन्हात कपडे दोरीवर टाकाच्या आधीच वाळते. मंग मशीनले काई काम त द्या लागन ना? नुसती बसून राहिली त आखडन माह्या खांद्यावानी."

वर हेही ऐकवलं की पिळून काढलेले चिप्स लाल पडत नाहीत, लुगड्याला चिकटत नाहीत, आणि खुशीच्या लग्नाचे सारे चिप्स यातूनच निघणार आहेत. तुम्ही हसलात. दादा, तुम्ही हसलात हे मी विसरणार नाही. मी पाणीही न पिता निघाले. वहिनींनी तळलेल्या चिप्सची पिशवी जबरदस्तीने हातात कोंबली. (ती मूर्तिजापूरच्या आधीच संपली, पण ते उपाशी निघाल्यामुळे.)

तरी स्पष्ट लिहिते. गुरुवारपर्यंत माझी मशीन रिकामी, धुतलेली, गोधडीत गुंडाळून परत यावी. न आल्यास मी खुशीच्या लग्नाला येईन, आहेर करीन, वधूवरांना आशीर्वाद देईन, पण जेवणार नाही. लोक विचारतील तेव्हा कारण सांगीन.

रागाने लिहिलेलं पत्र एक रात्र घरात ठेवावं, असं सिस्टर हेडविग म्हणायच्या. म्हणून हे आज पाठवत नाही. मंगळवारी शेजारची पिंकी अकोल्याला तिच्या शाळेवर जाईल, तिच्या हाती देईन. राग तोवर तेवढाच राहील याची खात्री बाळगा.

तुमची धाकटी बहीण,
पौर्णिमा

ता. क. (सोमवार, सकाळ) : वहिनी आलूचे काप मशीनमध्ये तसेच टाकतात की कापडात बांधून? मी परवा रागात असल्यामुळे नीट पाहिलं नाही. नुसती माहिती म्हणून विचारते.

ता. क. (सोमवार, दुपार) : कापडात बांधूनच टाकत असणार. इटलीच्या मशीनमधला पहिला घाणा फार सुंदर निघाला, एकेक काप काचेसारखा. दुसऱ्या घाण्याला काप डब्यावरून उडून मागच्या फटीत गेले, मशीन एकदा कण्हली आणि थांबली. आता हातानेही फिरत नाही, आणि या उन्हात आत राहिलेला आलू उद्यापर्यंत काय करील ते तुम्हाला सांगायला नको. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही हसता, आणि फोन कूलरजवळ आहे. तरी उद्या संध्याकाळी पिंकी परत येईल तेव्हा वहिनींना तिच्याबरोबर गाडीत बसवून द्या. त्यांनी येताना त्यांचं ते कापड आणावं. जर्मन मशीन राहू द्या तिकडेच, लग्नघर आहे. पण रबराला तेलाचा थेंब लावत जा.

ता. क. (सोमवार, संध्याकाळ) : धर्मपालांसमोर यातलं काही बोलू नका. पहिल्या घाण्यातले काप गच्चीवर खडखडीत वाळले, ते तळून त्यांना दिले. कूलरसमोर बसून सगळी ताटली संपवली आणि म्हणाले, "अकोल्याहून आणले ना? शालूवहिनीच्या हातचे हाय, चवच सांगते. तुले हे जमनं शक्य नाही." मी हो म्हटलं आणि आणखी तळायला गेले.