टॅबमधल्या बाई

प्रिय ताई,

फोन करायचा सोडून ही पत्रं कसली लिहितेय, असं तू म्हणणार. फोनवर तू माझं वाक्य मध्येच पुरं करतेस. पूर्वी करायची नाहीस, हल्ली करतेस. कागदावर तुला ती सोय नाही, म्हणून कागद. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण गुडघ्यापेक्षा ती स्वतः जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही. माझे सराव पाठ सुरू झालेत. दुसरीचा वर्ग मिळालाय. सगळं नीट पार पडलं तर पुढच्या वर्षी मी खरीखुरी बाई होईन, आणि नीट पार पडेल की नाही ते या पत्रात पुढे कळेलच.

शाळेत तुमच्या कंपनीचा स्मार्ट बोर्ड आहे. तो बसवायला तुमचा एक माणूस चकाचक बूट घालून आला होता म्हणे, आणि मुख्याध्यापिकाबाईंना सांगून गेला की आता शिक्षणात क्रांती होणार. क्रांतीवर धूळ बसू नये म्हणून सध्या तिच्यावर फुलाफुलांची चादर असते. चादर काढायला मुख्याध्यापिकाबाईंची परवानगी लागते. रिमोट त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये आणि पर्स त्यांच्याबरोबर मीटिंगला. टॅब चार्ज करायला ऑफिसात सॉकेट एकच, त्यालाच चहाची किटली लागते. त्यामुळे आमच्याकडे एक तर चहा होतो, नाहीतर शिक्षण. बहुतेक दिवशी चहाच होतो आणि मुलांचं त्यात काही बिघडत नाही.

चादर निघालीच तर आणखी मजा. बोर्डावर सफरचंदाला बोट लावलं की पलीकडचा भोपळा निवडला जातो. तक्रार केली तर तुमच्याकडून उत्तर आलं की बोर्ड बंद करून पुन्हा सुरू करा. मुलांनी मात्र तोड काढली. बरोबर उत्तर सापडलं की त्याच्या वीतभर डावीकडे बोट लावायचं. परवा मी कागदावर चाचणी घेतली, तर एका पठ्ठ्याने बरोबरच्या सगळ्या खुणा उत्तराच्या डावीकडे, थेट समासात केल्या होत्या. मी त्याला पैकीच्या पैकी दिले. मुख्याध्यापिकाबाई तो कागद बघून म्हणाल्या, मुलांना बोर्डाची छान सवय झालीये. हे त्या गंभीरपणे म्हणाल्या, ताई.

मला खडूचा पुळका आहे असं समजू नकोस. खडूने मला खोकला येतो. आणि आमच्या अध्यापक विद्यालयाबद्दल तर न बोललेलंच बरं. तिथे शिक्षणातलं तंत्रज्ञान हा विषय सरांनी वर्षभर फळ्यावर लिहून दिला, आम्ही तो उतरवून घेतला आणि घोकून पास झालो. यंत्राचा मला राग येत नाही. त्याच्यात जे भरलं ते ते बाहेर काढतं, त्याची काय चूक? तिटकारा येतो तो त्याच्यापुढे माना डोलावणाऱ्या शहाण्यासुरत्या माणसांचा. ज्या बाईंनी आयुष्यभर मुलांच्या चेहऱ्यावरून ओळखलं की कुणाला समजलं आणि कुणाला नाही, त्याच आता चेहरा सोडून स्क्रीन बघतात आणि स्क्रीन म्हणेल ते खरं मानतात.

आता वाचनाचं सांगते. तुमच्या टॅबमध्ये एक बाई आहेत. मुलं त्यांना टॅबमधल्या बाईच म्हणतात. त्या एक वाक्य वाचतात, मग ते मुलाने वाचायचं. जमलं तर हिरवा दिवा, नाही जमलं तर लाल. मुलं काही बावळट नाहीत. त्यांना लगेच कळलं की हुबेहूब त्या बाईंच्या सुरात, न थांबता, शेवट जरासा उचलून वाचलं की हिरवा लागतो. आता आख्खा वर्ग तसाच वाचतो. वाघ आला, आई आजारी पडली, जेवण झालं, सगळं एकाच चालीत. पहिल्या दिवशी मी दारातच थबकले, कारण तेवढ्या सगळ्या पोरांच्या तोंडून तुझा आवाज येत होता. तू रेकॉर्डिंगला गेलीस तेव्हा आईने जिन्यावर भेटेल त्याला अडवून सांगितलं होतं. मलाही वाटलं होतं की चला, निदान आवाज तरी ताईचा आहे. पण त्या आवाजात तू कुठेच नाहीस. तुला गोष्ट वाचताना ज्याने एकदा ऐकलंय, त्याला ते ऐकवत नाही.

मी दुसरीत होते तेव्हाचं तुला आठवत असेल. माझा क अडायचा. क नाही सुटला की पुढचं वाक्य सगळं आत कोंडून पडायचं. पाहुणे आले की आई मला काहीतरी काम काढून आत पाठवायची. बाबा माझं वाक्य स्वतःच संपवून टाकायचे, प्रेमानेच, आणि मग मला वेगळंच काही म्हणायचं होतं हे सांगायची सोयच उरायची नाही. तू मला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायचीस. पुस्तक माझ्या मांडीवर. शब्द अडला की तू काही बोलायची नाहीस, माझ्या तोंडाकडेही बघायची नाहीस, आपली नखं बघत बसायचीस. फार झालं तर म्हणायचीस, सावकाश गं, मी कुठे चाललेय? आणि खरंच कुठे जायची नाहीस. मैत्रिणी खालून हाका मारून मारून निघून जायच्या. मी बोलायला तिथे शिकले. शिक्षिका व्हायचं खूळही तिथलंच. मी पाठटाचणात कितीही मोठमोठे शब्द लिहिले तरी शिकवणं म्हणजे काय, तर मला ती पायरी दिसते. पुढे तू शिक्षिका झालीस, मग कंपनीत गेलीस. एका वर्गाऐवजी हजारो मुलांपर्यंत पोहोचेन म्हणालीस. पोहोचलीस खरी.

माझ्या वर्गात पहिल्या बाकावर एक मुलगी आहे. तिची आई लोकांचे कपडे इस्त्री करते, त्यामुळे पोरीचा गणवेश वर्गात सगळ्यात कडक असतो. अक्षरं तिला सगळी येतात. मनातल्या मनात वाचायला सांगितलं तर सगळ्यांच्या आधी तिचं पान उलटतं आणि गमतीच्या जागी ती हसतेही. मोठ्याने वाचताना मात्र पहिल्याच अक्षरावर अडते. तिचा प आहे. तो अडलेला श्वास सुटायच्या आत, चुटकी वाजवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, तू म्हणतेस, पुन्हा प्रयत्न कर. ती पहिल्यापासून सुरू करते. तू पुन्हा म्हणतेस, तितक्याच गोड आवाजात. मग लाल दिवा लागतो आणि पोरं हसतात. हल्ली चहा न होता टॅब चार्ज झाले की तिच्या पोटात दुखायला लागतं.

यंत्राने तिचा अहवाल काढलाय की हिला वाचता येत नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या लेखी ती काळ्या दगडावरची रेघ. सोमवारपासून तिला पहिलीच्या वर्गात बसवणार आहेत. मी म्हटलं, बाई, तिला येतं, मी स्वतः ऐकलंय. मधल्या सुट्टीत मी तिला घेऊन बसले होते, तिने आख्खा धडा वाचला. सुट्टी संपली, डबा तसाच राहिला, पण वाचला. त्यावर बाई म्हणाल्या की तू अजून शिकाऊ आहेस, तुझा जीव जडलाय तिच्यावर, यंत्र कसं कुणात भेदभाव करत नाही. खरंच आहे, ते कुणासाठीच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मी टॅब बाजूला ठेवून पाठ घेतला, तर माझे गुण कापले. त्याचं मला काही नाही. पहिलीत गेली तर ती पोर तोंडच उघडणार नाही, हे मला माझ्यावरून माहीत आहे.

आता पत्राचं कारण. मी तुमच्या त्या बूटवाल्याला फोन केला आणि विचारलं की बाईंचं थांबणं वाढवता येतं का. तो हसला. म्हणाला, त्यात काय, एक आकडा बदलायचा, पण तो आमच्या मॅडमनी ठरवलाय, जास्त थांबलं की मुलं कंटाळतात म्हणाल्या. कुठल्या मॅडमनी ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने तुझंच नाव घेतलं. त्यावर मला तुला जे बोलायचं होतं ते लिहून मी दोन कागद फाडले, हा तिसरा. यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. तरीपण तुझ्यापुढे हात पसरतेय, आणि तुमच्या कंपनीकडे काही मागताना माझ्या जिवावर किती येतंय ते तुला कळेल. सोमवारच्या आत तो आकडा बदल, नाहीतर स्वतः ये आणि तिचं वाचन ऐकून मुख्याध्यापिकाबाईंना सांग. टॅबमधल्या बाईंचं त्या ऐकतील. माझ्यासाठी काही करू नकोस. काल मी त्या मुलीला सांगितलं की टॅबमधल्या बाई म्हणजे माझी सख्खी बहीण आहे. तिला आधी खरंच वाटेना. मग तिने तुझ्यासाठी एक निरोप दिला. प टाळत, दुसरे शब्द शोधत, तिने पुष्कळ वेळ घेतला आणि मी नखं बघत बसले. ती म्हणाली, त्या बाईंना सांगा, मला येतं. फक्त जरा थांबा म्हणावं.

अजून त्या पायरीवरच बसलेली,
तुझीच धाकटी