मामांचं अर्धं ताट

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा! अर्धी भाकरी, वांग्याचे दोन घास, आणि ताट सरकवलं बाजूला. वर "झ्याक झालंय पोरी" म्हणून मामा हात धुवायला गेले. झ्याक झालंय तर खात का नाही? असं सुनेनं सासऱ्याला विचारायचं नसतं म्हणे. म्हणून इथे विचारते.

मे महिन्यात आमच्या लग्नात, नांदेडला, याच मामांनी माझ्या काकांशी जिलेबीची पैज लावली होती. काका हरले आणि दोन दिवस झोपून होते. पप्पा म्हणाले होते, तनुजा, रेणापूरला तुझ्या हाताचं सोनं होणार, सासरा खवय्या आहे. झालं सोनं!

५ नोव्हेंबर

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारणीला दारात सांगत होत्या, "नांदेडची हाय ना, तिकडची चव येगळी." मला ऐकू जावं इतपत हळू.

८ नोव्हेंबर

आईला फोन करून येसर आमटीची कृती घेतली. खोबरं भाजलं, कांदा भाजला, हातही भाजला. मामा म्हणाले, लई झ्याक. आणि खाल्लं कालच्यापेक्षा कमी!

रागाच्या भरात उरलेली आमटी मीच प्यायले. चांगली होती हो.

११ नोव्हेंबर

सत्यमला सांगितलं. नवरा लातूरला स्पेअर पार्टच्या दुकानात, रोज जाऊन-येऊन करतो, दमलेला असतो. म्हणाला, वय झालं, दवाखान्यातून आल्यापासून भूक मंदावली, तू मनाला लावून घेऊ नको.

ऑगस्टमध्ये मामांच्या छातीचे ठोके बिघडले होते, बीपीही वाढलेलं. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या: बीपीच्या, ठोक्याची, लघवीची. मामा त्या सगळ्या एकदम घेतात, सकाळच्या मोठ्या जेवणावर. मूठभर गोळ्या, तांब्याभर पाणी, की झालं काम. गोळी भरल्या पोटी घ्यायची, हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

पण भूक मंदावली म्हणावं तर किती? गुलाम रसूल चाचा आज मामांचा सदरा बारीक करायला घेऊन गेले. चाचा पलीकडच्या आळीतले टेलर, मामांचे लहानपणचे दोस्त. टेप लावून माप त्यांनी दोनदा घेतलं.

१५ नोव्हेंबर, एकादशी

मामांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली. पूर्ण! वर आणखी मागितली! गोळ्या मात्र नाही घेतल्या. उपवासाला कुठलं आलं भरलं पोट, म्हणाले. दिवसभर अंगणात चाचांशी गप्पा, हसणं, टाळ्या.

खिचडी आत्याबाईंनी केली होती.

म्हणजे माझाच हात! ठरलं!

१६ नोव्हेंबर

खूप रडले. मग धपाटी केली आणि सगळ्यांना वाढली. मामांनी एक खाल्लं. झ्याक!! हा शब्द मला आता सहन होत नाही.

१९ नोव्हेंबर

दार लावून लिहितेय.

सकाळी शेण टाकायला गोठ्यामागे गेले तर मामा तिथे. गुडघे पोटाशी घेऊन, कपाळावर घाम. नुकतेच जेवून उठले होते. मी ओरडणार तोच त्यांनी हात वर केला. मी तिथेच बसले. बऱ्याच वेळाने त्यांचा श्वास नीट झाला.

कधीपासून, विचारलं. दवाखान्यातून आल्यावर थोड्याच दिवसांत सुरू झालं. जेवलं की दुखतं, तास-दोन तास पिळवटून निघतं, मग थांबतं. जास्त खाल्लं तर जास्त. म्हणून खाणंच कमी केलं. घासाची भीती वाटते म्हणाले. मामांना! घासाची!

मग म्हणाले, "थोरला भाऊ असाच वाळत गेला. ही गाठ हाय पोरी, मला ठावं हाय. येळवस तेवढी खाऊ दे, मग सांग कुणाला सांगायचं ते."

आणि सांगितलं का नाही इतके दिवस? तर म्हणे, "नव्या सुनंच्या हातचं खाल्लं की पोट दुखतंय, असं म्हणलो असतो तर तुझ्या सासूनं अन् गावानं तुला सोडलं असतं व्हय?"

मी त्यांच्यावर रुसले होते. मूर्ख मी, मूर्ख!

२० नोव्हेंबर

कुणाला सांगणार नाही असं वचन दिलंय. येळवस, म्हणजे शेतात पूजा करून जेवायची वेळ अमावस्या, एकोणीस डिसेंबरला. तोवर कसं गप्प राहू?

२२ नोव्हेंबर

डोकं चालवलं. एकादशीला दुखलं नव्हतं, हे मामांनीच कबूल केलं. मग त्या दिवशी वेगळं काय होतं? आत्याबाईंचा हात. म्हणून आज पाठ धरली म्हणून सांगितलं आणि चूल त्यांच्या ताब्यात दिली. पिठलं-भाकरी केली त्यांनी. मामा जेवले, गोळ्या घेतल्या, आणि थोड्या वेळाने निघाले गोठ्याकडे.

आत्याबाईंच्या हातचं खाऊनही दुखलं! मला आनंद झाला. खरंच झाला, लिहून टाकते. मग लगेच इतकी लाज वाटली की देवघरात जाऊन कान धरले.

मग दुसरं वेगळं काय होतं? गोळ्या!!

२४ नोव्हेंबर, सोमवार

वचन मोडलं. काल सत्यमला सगळं सांगितलं. तो पांढराफटक. आत्याबाई मटकन खाली बसल्या, आणि मला पहिल्यांदाच जवळ ओढलं.

मामा हटून बसले. येळवशीआधी दवाखाना नाही म्हणजे नाही, आत घेतलं की ते सोडत न्हाईत. माझ्याकडे तर बघेनात. शेवटी गुलाम रसूल चाचा आले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि नावाने हाक मारून म्हणाले, "श्रीमंत, येळवशीला भज्जी खायाला मला तू पायजेस. तुझा फोटो न्हाई."

मामा उठले आणि सदरा घालायला गेले.

लातूरच्या डॉक्टरीणबाई नीट ऐकणाऱ्या निघाल्या. बीपी बसवून पाहिलं, उभं करून पाहिलं, उभं राहिल्यावर फारच खाली. मी एकादशीचं सांगितलं तर पेन थांबलं त्यांचं. गोळ्या कधी घेता? जेवणावर, सगळ्या एकदम, मामा अभिमानाने म्हणाले. बाईंनी आधी त्यांना झापलं, एकादशी असो की दिवाळी, गोळी मनाने चुकवायची नाही, हृदयाशी खेळ होतो. मग पोटाची शंका आहे म्हणून रंग टाकून स्कॅन करायला पाठवलं. रिपोर्ट उद्या.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीकडे तोंड करून. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून देवाचं नाव घेत होते.

२५ नोव्हेंबर

गाठ नाही! नाही! नाही!!

बाईंनी समजावलं ते असं. जेवलं की पचवायला आतड्यांना जास्त रक्त लागतं. मामांच्या आतड्याकडे जाणारी नस वयाने अरुंद झालेली. एरवी भागतं तेवढ्यात. पण मामा भरपेट जेवून वर सगळ्या गोळ्या एकदम टाकणार. बीपीच्या गोळ्यांनी दाब उतरतो, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी जातं, आणि ठोक्याची जी गोळी आहे ती आतड्याच्या नसा आणखी आवळू शकते. म्हणजे आतडं रक्त मागतंय त्याच वेळी त्याला मिळत नाही. छातीत दुखतं तसं पोटात दुखतं. वेळेवर आलात, म्हणाल्या, असंच चाललं असतं तर आतड्याचा तुकडा निकामी व्हायला वेळ लागत नाही, मग जिवावर बेततं.

आता ठोक्याची गोळी बदलली. लघवीची निम्मी. बाकीच्यांच्या वेळा वेगवेगळ्या ठरवून दिल्या. जेवण थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा. तरी दुखलं तर नसेत जाळी बसवायची.

मामा बाहेर येऊन म्हणाले, म्हंजी गोळी वाईट न्हवती, मीच येडा. मग माझ्याकडे वळून, "वचन मोडलीस. लई चांगलं केलीस."

बसस्टँडवर दोघंही रडलो. सत्यम केळी घेत असल्यासारखं करत होता.

३ डिसेंबर

पाच वेळा वाढते. आत्याबाई म्हणतात, पाळण्यातल्या लेकराचंबी इतकं नसतंय. पण वाटी त्याच भरून आणतात, माझ्याआधी. पहिले दोन दिवस मामा घास घेऊन थांबायचे, पोट काय म्हणतंय ते ऐकत. काल थांबायचं विसरले.

१० डिसेंबर

दुखलं नाही. आठवडा झाला. बीपीही बाईंना पसंत. चाचा म्हणाले सदरा पुन्हा उसवावा लागणार, पण घाई नको, आधी पोट दिसू दे.

१९ डिसेंबर, येळवस

दमलेय, पण लिहिणारच. पहाटेपासून मी आणि आत्याबाई: पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन शेतात गेले, मान अजून वाकडी आहे. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा झाली. मग जो तो हाका मारतोय, या आमच्याकडं, या! मामांना सगळं शिवार ओळखतं. पूर्वी म्हणे चार शेतं जेवून यायचे. आज प्रत्येक कोपीत चमचाभर भज्जी, घोटभर आंबील, आणि मग झाडाखाली बसून आराम. कुणी आग्रह केला की चाचा मध्ये पडायचे.

संध्याकाळी विचारलं, पोट? पोटावर हात फिरवून म्हणाले, गप हाय. मी कोपीमागे जाऊन एकटीच नाचले.

२३ डिसेंबर

मामांनी अर्धी भाकरी सोडली. ताट बाजूला! मी हातातलं टाकून धावले. दुखतंय का मामा, खरं सांगा, गाडी बोलवू? आत्याबाईही चुलीपासून उठल्या.

मामा मान खाली घालून म्हणाले, "पोट बरं हाय. भाकर कच्ची हाय. पहिल्या दिवसापासनं कच्चीच हाय."