मंगळवारच्या गटातले आमचे हे

प्रिय ताई,

नमस्कार करते, तो तू बसल्या जागीच घे. आशीर्वाद द्यायला उठू नकोस, तुझा गुडघा मला माहीत आहे. लेप लावतेस ना? भावोजींचा खोकला गेला, की नुसता रात्रीचा सकाळी आलाय? सूनबाईंची नवी नोकरी कशी चाललीय? सगळं सविस्तर कळव. आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. पत्राला कारणही आहे, पण ते आत्ताच सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि पुढचं तर मला सांगायचंच आहे.

तुझे मेव्हणे लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झाल्यापासून आमच्या घरातली एकही वस्तू सुखानं चालू राहिलेली नाही. मिक्सर उघडून झाला, इस्त्री उघडून झाली, दाराची बेल उघडून झाली (ती आता मनाला येईल तेव्हा आपली आपण वाजते. आम्ही उठत नाही, त्यामुळे खरे पाहुणे बाहेर ताटकळतात). एक दिवस हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते माझ्या शिवणयंत्राकडे प्रेमानं बघत उभे राहिले, तेव्हा मी ठरवलं की ह्या माणसाला काही काळ तरी घराबाहेर काढायलाच हवं. नेमकी त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या वाचनालयाच्या दारावर पाटी लागली, ‘मोठ्यांसाठी उन्हाळी वाचन उपक्रम’. सुट्टीत मुलांना वाचायला लावतात हे ऐकून होते, मोठ्यांनाही लावतात हे नवीनच. पुस्तक घरी न्यायचं, वाचायचं आणि आठवड्यातून एका संध्याकाळी गटात बसून त्याची गोष्ट तोंडानं सांगायची. कागदात बघायचं नाही. उन्हाळाभर टिकेल त्याला वाचनालयाचं चित्र छापलेली कापडी पिशवी. मी ह्यांचं नाव मंगळवारच्या गटात परस्पर घालून आले. गोष्ट सांगायची अट तेवढी घरी सांगितली नाही. ज्या माणसानं ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्या दोन शब्दांवर आख्खा संसार रेटला, तो पहिल्याच संध्याकाळी पळून येणार हे मला दिसतच होतं, पण तेवढी एक संध्याकाळ तरी माझं मशीन वाचलं असतं.

ते पळून आले नाहीत. उलट पुढच्या मंगळवारी स्वतःहून शर्टाला इस्त्री करायला बसले (इस्त्री चालली नाही ही गोष्ट वेगळी). मी म्हटलं, एसीत बरं वाटत असेल. मग एक दिवस पोस्टातल्या बाई नवऱ्याच्या पँटची उंची कमी करायला घेऊन आल्या. त्याही मंगळवारच्या गटात आहेत. पँट माझ्या हातात द्यायच्या आधीच म्हणाल्या, “अहो, तुमच्या ह्यांनी काल काय गोष्ट सांगितली! सर्कशीतल्या त्या म्हाताऱ्या घोड्याची. मी तर रडलेच, आणि ग्रंथपालबाई एसी बंद करायचं विसरल्या.” मी विचारलं, “कोणाच्या ह्यांनी?” त्या हसल्या. मी विनोद करत नव्हते गं! माझ्या नवऱ्याला सर्कशीतला घोडा माहीत आहे हेच मला माहीत नव्हतं. त्या गेल्यावर मी पँट नको तिथे कापली. आता त्यांच्या नवऱ्यानं ती फक्त उन्हाळ्यात घालावी.

संध्याकाळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “पुस्तक कसं होतं?” तर म्हणाले, “बरं होतं.” “कशाबद्दल होतं?” तर म्हणाले, “घोडा.” म्हणजे बघ, बाहेरच्यांना रडवणारा घोडा आणि घरच्यांना नुसता घोडा! ताई, तुला खरं सांगते, मला त्या रात्री जेवण गेलं नाही. मी दागिने मागितले नाहीत, मोठं घर मागितलं नाही, दोन वर्षांपूर्वी लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हाही रडगाणं गायले नाही. पण घरात आता आम्ही दोघंच, आणि पैकी बोलणारी मी एकटी. ह्या माणसाच्या पोटात अख्ख्या गोष्टी आहेत, तर त्यातली एक त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात बसून मला सांगावी एवढंच मला हवं झालं. दुसरं काही नको.

मग मीही नाव घातलं. म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण वळसा घातल्याशिवाय हा कळसा बोलणार नाही. तर तिथे नियम निघाला की एका घरातली दोन माणसं एका गटात चालणार नाहीत. (गेल्या उन्हाळ्यात म्हणे एका सासऱ्यांचं आणि सुनेचं गोष्टीच्या शेवटावरून असं वाजलं की मधल्या टेबलाचा एक पाय अजून सुतळीनं बांधलेला आहे.) ग्रंथपालबाई तरुण आहेत, केसांत पेन खोचतात आणि नियमाच्या पक्क्या आहेत. त्यांनी मला गुरुवारात टाकलं. गुरुवारात एक व्यायामशिक्षक आहेत, ते कुठल्याही पुस्तकाची गोष्ट श्वास कसा घ्यावा इथपासून सुरू करतात. एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना सगळ्यांनी तोंड उघडं ठेवून ऐकायची सवय आहे, त्यामुळे मध्ये कोणी बोललं की ते दचकतात. मी मधमाश्यांवरचं पुस्तक घेतलं होतं. ते बरं होतं.

शेवटी एका मंगळवारी, मशीनची सुई आणायला जाते असं सांगून मी ह्यांच्याआधी वाचनालयात जाऊन लपले. मोठ्यांचे गट बसतात त्याच्या पाठीमागे मुलांचा विभाग आहे, मध्ये फक्त चित्रांच्या पुस्तकांचं बुटकं रॅक. उभं राहिलं तर डोकं दिसतं, म्हणून बसावं लागलं, आणि तिथे बसायला होत्या बालवाडीच्या खुर्च्या, लाल प्लास्टिकच्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या. मी श्वास आत घेऊन (व्यायामशिक्षकांचा तेवढा उपयोग झाला) एकीत उतरले. खुर्चीनं मला घेतलं. मग हे आले, बसले, चष्मा पुसला आणि बोलायला लागले.

ताई, तो आवाज मला ओळखू येईना. म्हणजे आवाज ह्यांचाच, पण वापरलेला नव्हता. गोष्ट होती समुद्रातल्या दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची. त्याचा मुलगा भांडून निघून गेलेला, आणि दर वादळात म्हाताऱ्याला वाटतं की कोणी दार वाजवतंय. घाई नाही, ओढाताण नाही. हे एकेका मजल्यावर थांबत होते, सगळी माणसं आत आली की नाही बघत होते, आणि मगच पुढे निघत होते. जिने चढताना म्हाताऱ्याला लागणारी धाप त्यांनी अशी सांगितली की पोस्टातल्या बाईंनी छातीवर हात ठेवला. मी रॅकच्या फटीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, हा माझा नवरा. ह्यानं माझा मिक्सर उघडला. शेवटचं वादळ आलं, दार वाजलं, म्हातारा खाली उतरला. “त्यानं कडी काढली,” हे म्हणाले, “दार उघडलं, बघतो तर…” आणि थांबले. सगळे थांबले. ग्रंथपालबाईंचं केसांतलं पेनसुद्धा हललं नाही.

आणि रॅकमागून मी ओरडले, “कोणीच नाही!”

शपथ घेऊन सांगते, मी ठरवून ओरडले नाही. ते तोंडातून गेलं. दीपगृहातला तो गरीब बिचारा म्हातारा, एवढे जिने उतरून आलेला, आणि दारात कोणी नसणार हे मला दिसलं, माझ्यानं राहवलं नाही. बरं, तेही चूक! दारात मुलगा उभा होता. गटातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. मी उठले, तर खुर्चीही उठली. लाल खुर्ची कमरेला घेऊन मी रॅकमागून प्रकट झाले, आणि पोस्टातल्या बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. हे मात्र हसले नाहीत. शांतपणे उठून आले, खुर्चीचा एक हात वाकवला, दुसरा वाकवला आणि मला बाहेर काढलं (अडकलेली माणसं काढण्यातच त्यांची नोकरी गेली). मग गटाला म्हणाले, “आमच्या घरी असंच असतं. गोष्ट मी सुरू करतो, शेवट ही करते. म्हणून मी हल्ली सुरूच करत नाही.” सगळे पुन्हा हसले. मीही हसले. घरी येताना मात्र मला फार वाईट वाटलं. कारण ते चिडून बोलले नव्हते, हवा गरम आहे म्हणावं तसं बोलले होते.

तर मी ठरवलं, आता गप्प बसायचं. जेवायला बसलं की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखं राहायचं, म्हणजे बोलायला त्यांना जागा होईल. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर आणला. तिसऱ्या दिवशी, मी रागावले असेन अशा समजुतीनं, उघडलेला मिक्सर, इस्त्री आणि बेल तिन्ही बसवून टाकली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिन्ही चालायला लागली. पण गोष्ट काही निघेना. मी समोर बसून वाट बघते, ते माझ्याकडे बघतात, दोघंही जेवतो, आणि भांड्यांचा आवाज तेवढा होतो. असला सुतकी स्वयंपाक मी जन्मात केला नव्हता.

असो. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि मधल्यांना जे उरेल ते.

तुझी, सध्या अबोल,
धाकटी

ता. क. कापडी पिशवी मलाही मिळणार आहे. मधमाश्यांच्या पुस्तकाचा शेवट मी वाचला नव्हता, अंदाजानं सांगितला. गुरुवारात कोणी हरकत घेतली नाही.

ता. क. दुसरा. आता पत्राचं कारण. रोज संध्याकाळी हे फिरायला बाहेर पडले की तू मला फोन करायचा. तू बोलू नकोस, नुसती ऐक. माझ्या पोटात बोलणं साठलेलं असतं आणि जेवताना ते चेहऱ्यावर दिसतं, म्हणून त्यांना बोलायचा धीर होत नसावा असं मला वाटतं. तुझ्याकडे सगळं ओतून टाकलं की मी जेवायला रिकामी बसेन, आणि मग ते सांगतील. एवढं माझ्यासाठी कर गं. नाही म्हणू नकोस.

ता. क. तिसरा. ताईंना नमस्कार. इथून अक्षर माझं आहे. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं, पाकीट उघडं होतं, वाचलं. फोन करू नका. मी रोज गोष्ट सांगायची ठरवून जेवायला बसतो आणि समोर ही तोंड मिटून बसलेली असते. यंत्राचा नेहमीचा आवाज बंद झाला की आम्ही आधी काम थांबवतो. मंगळवारी लोक छान ऐकतात, मध्ये बोलत नाहीत. पण त्या म्हाताऱ्यासाठी ओरडावं इतका जीव त्यांच्यातल्या कोणाचा तुटला नव्हता. आता ही मागे येऊन उभी आहे आणि वाचते आहे, तरी लिहितो. हिला तुमच्याकडे रिकामी करू नका. ही गप्प बसली की मला हे घर

(खायला उठतं. हे मी लिहिलं, ताई. ते चष्मा पुसत बसले होते.)

मी नुसतं ‘सुनं वाटतं’ लिहिणार होतो. हिचं जास्त बरोबर आहे.