रोमेलच्या वाट्याचा पेला

तायाबास,
५ फेब्रुवारी

चि. लिगाया हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडचं सगळं कुशल असं लिहायची हाताला सवय आहे, पण आज ते लिहवत नाही. फोनवर बोलावं तर तुझा फोन आला की नेहमी रोमेलच उचलतो, म्हणून हे पत्र.

परवा सोमवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला निघण्याआधी मी भट्टीकडे गेलो. जाळ आधीच पेटलेला होता. तुझा मुलगा नळीखाली पत्र्याचा मग धरून बसला होता आणि पहिली धार पीत होता. बाबांच्या वेळेपासून जी धार आपण बाजूला काढतो आणि फक्त जखमा धुवायला ठेवतो, ती. मी मग हिसकून घेतला. तो म्हणाला की मामा, हात थरथरायचे थांबत नाहीत, एवढ्याने थांबतील. आणि खरंच थांबले, लिगाया. मग मी काय केलं ते ऐक. मी त्याचं तोंड धुतलं, केस विंचरले, इस्त्रीचा सदरा चढवला आणि मनिलाची पाहुणे मंडळी गाडीतून उतरली तेव्हा त्याला दारात उभं केलं. माझी मिस्सा चुकली.

मंडळी त्याच्यावर खूश असतात. माडांच्या शेंड्यांवरून बांबूवर चालत माडी गोळा करणारी आपली माणसं बघायला ती येतात, भट्टीपाशी फोटो काढतात, पण रेंगाळतात ती रोमेलपाशी. एका जाडजूड बाईंना त्याने सांगितलं की आमची दारू इतकी निर्मळ की ती प्यायल्यावर नवऱ्याला बायको लग्नाच्या दिवशी होती तशी दिसते. त्यावर त्यांच्या नवऱ्याने दुसरा पेला मागितला. एकच पेला, एकच वाढणारा आणि गोलात बसलेला कोणी सुटायचा नाही, ही आपली रीत त्यांना फार आवडते. पण मंडळी येतात आणि जातात. रोमेल मात्र प्रत्येक गोलात असतो. शनिवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत गोल उठत नाही.

त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे. लुसेना शहरातल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की हा थांबला नाही तर पुढच्या वर्षीचा सान इसिद्रोचा सण पाहणार नाही. मुलगा तुझा, बैठकीचा मांडवही तू पाठवलेल्या पैशांतला. काय करू ते सांग.

उत्तराकडे डोळे लावून बसलो आहे.
तुझा,
अन्सेल्मोदादा

•

बोलोन्या,
२६ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून हसू की रडू ते कळेना. लहानपणी शेजारच्या आंब्याचं एक फळ खाल्लंस तर पाद्रीबाबांकडे जाऊन कबुली देऊन आलास आणि त्यात माझंही नाव घातलंस, तो तू. तुला सगळीकडे पापच दिसतं. रोमेलला विचारलं तर तो म्हणतो की ताप होता, त्याने डोळे पिवळे झाले, मामा उगीच घाबरतो. डॉक्टर तर सगळ्यांनाच भीती घालतात. इथे इटलीत मी ज्या म्हाताऱ्या सिन्योरांची सेवा करते, त्यांना दर हिवाळ्यात मरणार म्हणून सांगतात, आणि त्या दर उन्हाळ्यात मला आइसक्रीम आणायला पिटाळतात.

दादा, त्याचा बाप आम्हाला सोडून गेला तेव्हा गावाने पोराला काय काय म्हटलं ते विसरलास? शाळेत पोरं त्याला उरलंसुरलं म्हणायची. आज मनिलाची माणसं त्याला नावाने हाक मारतात, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. तो फोटो मी सिन्योरांच्या औषधांच्या कपाटावर लावला आहे. त्याला हवं तर कमी वाढ, पण चारचौघांतून उठवू नकोस. त्याची मान आत्ता कुठे वर आली आहे.

गुडघ्याला तेल लावत जा. रागावू नकोस आणि मला मनातून उतरवू नकोस.
तुझी,
लिगाया

•

तायाबास,
३१ मार्च

चि. लिगाया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे वाढायचं काम मी त्याच्याकडून माझ्याकडे घेतलं. त्याच्या वाट्याला बोटभर ओतायला लागलो. दोन दिवसांत त्याच्या ध्यानात आलं. भर गोलात त्याने मंडळींना सांगितलं की आमच्या मामांना संतपद मिळायचं आहे, म्हणून ते चर्चमधलं पवित्र पाणी वाढतात. सगळे हसले. मला पेला काठोकाठ भरावा लागला आणि वाढायचं काम परत त्याच्याकडे गेलं.

मग मी दुसरी वाट काढली. एखाद्याला झेपत नसेल तर शेजारचा त्याच्या वाट्याचा पेला घेऊ शकतो, आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. तू बाळंतीण असताना तुझ्या वाट्याचा मीच घ्यायचो. आता रोमेलचा पेला आला की मी हात पुढे करतो, मंडळी "लाभो" म्हणतात आणि मी पितो. तुझी वहिनी मारिया गेल्यापासून मी चव घेऊन थुंकण्यापलीकडे दारू घशाखाली उतरवली नव्हती, हे तुला माहीत आहे. देवाला सांगितलं आहे की हे माझं नाही, त्याच्या वाट्याचं आहे. देव अजून काही बोललेला नाही.

पण त्याचाही उपयोग होत नाही. गोलात मी घेतो तेवढं तो पाठीमागे जाऊन पितो. रविवारी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या मिरवणुकीत तो खांब धरून उभा राहिला आणि चर्चच्या पायरीवर ओकला. ते लाल होतं. लोकांना वाटलं, पान खाल्लं असेल. पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. घरी आल्यावर दवाखान्यात चल म्हणून पाय धरले, लिगाया, त्याचे पाय मी धरले. तो म्हणाला की मेमधल्या सणापर्यंत थांबा, त्या दिवशी दोन गाड्या भरून माणसं येणार आहेत आणि ती माझ्यासाठी येणार आहेत.

मला काही सुचत नाही. प्रार्थना सुरू करतो आणि मध्येच विसरतो.
आठवण ठेव.
अन्सेल्मोदादा

•

बोलोन्या,
२१ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार.

तुझं अक्षर असं कधी नव्हतं. आपल्या शाळेत मास्तर तुझी पाटी सगळ्या वर्गात फिरवायचे. या पत्रातल्या ओळी कागदावरून खाली घसरत गेल्या आहेत. मजकूर वाचायच्या आधी मला तेच दिसलं. दादा, त्याच्याबरोबर तूही जाऊ नकोस.

रोमेलला मी फोन केला. तो हसला, विनोद केला, सिन्योरांची विचारपूस केली. मग खोकला आला आणि फोन कोणीतरी ठेवून दिला. तो फोटो मी कपाटावरून काढला आहे. त्यात त्याचे डोळे पिवळे आहेत. इतके दिवस मला ते खोलीतल्या दिव्याचं वाटत होतं.

जूनच्या आधी मला सुटका नाही. सिन्योरांच्या मुलाजवळ रडले, तरी नाही. तोवर त्याला पिऊ देऊ नकोस. आणि त्याची मान खाली जाऊ देऊ नकोस. दोन्ही एकदम कसं करायचं ते मला माहीत नाही. तू देवाच्या जवळचा, तूच त्याला विचार. दोन्हींपैकी एकच होणार असेल, तर कोणतं ते माझ्याकडून लिहवून घेऊ नकोस. मी त्याची आई आहे.

जशी आहे तशी तुझीच,
लिगाया

•

तायाबास,
१८ मे

चि. लिगाया हिस,
आशीर्वाद.

आधी हे वाच. रोमेल जिवंत आहे, लुसेनाच्या दवाखान्यात आहे. भिंतीकडे तोंड करून पडला आहे आणि माझ्याशी बोलत नाही. सणाच्या रात्री तो थेंबही न पिता झोपला. सकाळी त्याचं अंग इतकं लटलट कापू लागलं की त्यानेच मला हाक मारली आणि आम्ही त्याला न्यायला गाडी मिळवली. डॉक्टर अजून भरवसा देत नाहीत. मीही तुला देत नाही.

आता काय झालं ते सांगतो, म्हणजे तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

सान इसिद्रोच्या सणाला घरातला थोरला वाढतो, म्हणून पेला माझ्याकडे होता. सगळा गाव मांडवात होता. दोन्ही गाड्या आल्या होत्या, पाद्रीबाबा जेवायला थांबले होते. रोमेल नवा सदरा घालून माझ्या डाव्या हाताला बसला होता आणि त्याच्या गोष्टींवर माणसं डोळे पुसत होती. त्याचे घोटे सुजून बुटांतून वर आले होते. सकाळच्या मिस्सात मी देवाला तुझा प्रश्न विचारला होता. फक्त एवढं कळलं की यापुढे त्याच्या वाट्याचं मी पिऊन भागणार नाही.

रीतीप्रमाणे पहिला पेला मी जमिनीवर ओतला. तो गेलेल्यांचा. त्यांना गोलात बसता येत नाही, म्हणून त्यांचं मातीला द्यायचं. मग वाढायला लागलो. पेला भरत, देत, परत घेत रोमेलपाशी आलो. त्याने हात पुढे केला. मी पेला भरला, आणि त्याच्या हातावरून पलीकडे नेला.

सगळ्यांना वाटलं, मी चुकलो. मनिलाचा एकजण हसून म्हणाला की मामांना चढली, आमच्या रोमेलला विसरले. कुणीतरी माझी बाही ओढली. रोमेलचा हात तसाच पुढे होता आणि थरथरत होता, आणि आता ते सगळ्यांना दिसत होतं. ज्याला टाळलं तो उठून जातो किंवा मारायला धावतो. तो बसून राहिला. लहान असताना, तू परदेशी निघालीस तेव्हा, तुझी गाडी वळणापार गेल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं होतं, तसं पाहिलं आणि हळूच विचारलं,

"मामा, मी मेलो का?"

"अजून नाही," मी म्हणालो, आणि त्याच्या वाट्याचा पेला पाद्रीबाबांच्या हातात दिला.

त्याची मान मी खाली घातली, लिगाया. चारचौघांत, त्याच्याच मांडवात. ये, आणि आल्यावर मला जे बोलायचं ते बोल.

तुझा,
अन्सेल्मोदादा